अ‍ॅमिगा परिचालन प्रणाली

अमेरिकेतील कमोडोर या कंपनीने २३ जुलै १९८५ रोजी लोकांसमोर मांडलेल्या अ‍ॅमिगा या व्यक्तिगत संगणकाची परिचालन प्रणाली. संगणकाची स्मृती, तबकड्या, पडदा, कळफलक इ. साधनांची वाटणी करणाऱ्या व इतर आज्ञावलींना चालण्यासाठी आधार पुरविणाऱ्या मूलभूत आज्ञावलींच्या संचाला परिचालन प्रणाली अथवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात [⟶ संगणक]. अ‍ॅमिगाची प्रणाली बहुकार्यी होती, म्हणजे तीत अनेक आज्ञावली एकाच वेळी चालू राहत आणि प्रक्रियकाचा वेळ त्यांच्यात प्रणाली स्वतःच्या अधिकाराने वाटून देई. असे बहुकार्य मोठ्या संगणकांवर पूर्वीपासून परिचित होते. घरात टेबलावर ठेवता येईल अशा, केवळ २५६ किलोबाइट स्मृतीच्या यंत्रावर, चित्रमय पडद्यासह ते सुरळीत चालविले गेले हे या प्रणालीचे वैशिष्ट्य होय. हे ज्या योजनेमुळे साधले, त्याच योजनेमुळे एका आज्ञावलीतील चुकीपासून दुसरीचे रक्षण करणे या प्रणालीला कधीच जमले नाही. तिचा इतिहास समजून घेताना या दोन्ही गोष्टी एकत्रच पाहाव्या लागतात.

बहुकार्य : साध्या संगणकात प्रक्रियक एकच असतो व तो एका क्षणी एकच आज्ञा पार पाडतो. अनेक आज्ञावली एकदम चालू असल्याचा भास होतो तो प्रक्रियक त्यांच्यामध्ये अतिशय जलद फिरत राहतो म्हणून. एकशिक्षकी शाळेची कल्पना केली, तर हे सहज ध्यानात येते. गुरुजी पहिलीच्या मुलांना पाटीवर अक्षरे गिरवायला देतात, तिसरीची उदाहरणे तपासतात, चौथीचा धडा घेतात व पुन्हा पहिलीकडे वळतात. आता गुरुजींनी एका वर्गाकडून दुसऱ्याकडे केव्हा वळावे, हा प्रश्न दोन प्रकारे सोडविता येईल. ‘आमचे झाले’ असे वर्गानेच सांगावे, ही पहिली रीत. तीत एखादा वर्ग गुरुजींना सोडीनासा झाला, तर बाकीचे वर्ग ताटकळत बसतात. दुसऱ्या रीतीत ठराविक वेळाने घंटा वाजते आणि कोणाचे काय चालले आहे याचा विचार न करता गुरुजी पुढच्या वर्गाकडे जातात. पहिल्या प्रकाराला सहकारी बहुकार्य व दुसऱ्याला सक्तीचे बहुकार्य म्हणता येईल. अ‍ॅमिगामध्ये दुसरा प्रकार होता. घंटेचे काम यंत्रातील घड्याळाकडून नियमितपणे येणारे व्यत्यय-संकेत करीत.

व्यक्तिगत संगणकावरील बहुकार्याचा आरंभ अ‍ॅमिगापासून झाला असे पुष्कळदा लिहिले जाते, ते वस्तुस्थितीला धरून नाही. डिजिटल रिसर्च या कंपनीची एमपी/एम ही अनेक उपयोजकांसाठी असलेली प्रणाली १९७९ मध्ये आली होती. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील मायक्रोवेअर कंपनीची ओएस-९ ही प्रणाली मोटोरोला ६८०९ या आठ-बिटी प्रक्रियकावर बहुकार्य करीत असे. ब्रिटनमध्ये जानेवारी १९८४ मध्ये जाहीर झालेल्या सिंक्लेअर क्यूएल या संगणकाची, टोनी टेबी यांनी लिहिलेली क्यूडॉस प्रणालीदेखील सक्तीचे बहुकार्य करणारी होती. पुढे लिनक्स प्रणालीचे जनक म्हणून प्रसिद्धीस आलेले लिनुस टॉरव्हाल्ड्स यांनी तरुणपणी हाताळलेल्या यंत्रांत हे यंत्र होते. अ‍ॅमिगाचे वेगळेपण अग्रक्रमात नसून तिच्यात जे घटक एकत्र आले त्यांच्यात आहे : सक्तीचे बहुकार्य, खिडक्या व माउस यांनी चालणारा रंगीत पडदा, चार स्वतंत्र वाहिन्यांचा ध्वनी आणि सर्वसामान्य कुटुंबाला निदान विचारात घेता येईल अशी किंमत.

उगम : १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातील सँता क्लॅरा येथे हाय-टोरो नावाची एक लहान कंपनी स्थापन झाली. तिचेच नाव पुढे अ‍ॅमिगा असे ठेवण्यात आले. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ मैत्रीण असा आहे. यंत्राच्या रचनेची सूत्रे जे मायनर यांच्याकडे होती. अटारी कंपनीत असताना त्यांनी तिच्या खेळयंत्रांच्या व घरगुती संगणकांच्या चिपा तयार केल्या होत्या. नव्या कंपनीचा मूळ बेत उत्तम प्रतीचे खेळयंत्र बनविण्याचा होता; तथापि १९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ खेळांचा बाजार कोसळला आणि खेळयंत्राऐवजी पूर्ण संगणक तयार करण्याकडे कल वळला. मोटोरोला ६८००० हा प्रक्रियक आणि त्याच्या जोडीला चित्र, ध्वनी व तबकडी यांची कामे परस्पर उरकणाऱ्या खास चिपा अशी यंत्राची मांडणी होती. या चिपा प्रक्रियकाला मध्ये न घालता स्मृतीतून माहिती उचलत. एक चिप प्रतिमेचे तुकडे स्मृतीत इकडून तिकडे हलवी, दुसरी ध्वनीच्या वाहिन्या चालवी, आणि त्या वेळात प्रक्रियक अन्य काम करण्यास मोकळा राही. बहुकार्याच्या दृष्टीने ही फार मोठी सोय होती, कारण वाटून देण्याजोगा वेळच मुळात अधिक शिल्लक राहत असे.

परिचालन प्रणालीचा गाभा कार्ल सॅसनरॅथ यांनी लिहिला. ते ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत एमपीई या मोठ्या संगणकाच्या प्रणालीवर काम करून १९८३ मध्ये अ‍ॅमिगा कंपनीत आले होते. मोठ्या यंत्रांवरील बहुकार्याचा अनुभव असलेल्या माणसाने अगदी लहान यंत्रासाठी नव्याने रचना करावी, ही घटना प्रणालीच्या स्वरूपाला कारणीभूत ठरली. त्यांच्या गाभ्याला एक्झेक असे नाव मिळाले. चित्रांकनाच्या आज्ञावली डेल लक यांनी व खिडक्या, सूची, माउस यांचा व्यवहार पाहणारा इंट्यूइशन हा भाग आर. जे. माइकल यांनी लिहिला. जानेवारी १९८४ मध्ये ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनीय वस्तूंच्या प्रदर्शनात यंत्राचा पहिला नमुना निवडक लोकांना दाखविण्यात आला. त्या वेळी खास चिपा अद्याप तयार नव्हत्या. त्यांच्या जागी तारांनी जोडलेली मंडलांची फळकुटे होती. लाल-पांढऱ्या चौकटींचा एक मोठा चेंडू पडद्यावर उसळत असलेला दाखविणारी लक व माइकल यांची छोटी आज्ञावली त्या प्रदर्शनात गाजली.

कंपनीजवळचा पैसा मात्र संपत आला होता. तिने अटारीकडून पाच लाख डॉलर कर्ज घेतले, व ते जून १९८४ च्या अखेरीस फेडता आले नाही तर चिपांच्या रचनेवर अटारीचा हक्क निर्माण होणार होता. याच सुमारास कमोडोरचे संस्थापक जॅक ट्रॅमिएल स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडून अटारीचा घरगुती संगणकांचा विभाग विकत घेण्याच्या खटपटीत होते. कमोडोरने मध्ये पडून अटारीचे कर्ज परत केले व ऑगस्ट १९८४ मध्ये अ‍ॅमिगा कंपनी विकत घेतली. त्यामुळे एका कंपनीचा माजी प्रमुख व त्याची जुनी कंपनी यांच्यात कोर्टकज्जा व चढाओढ सुरू झाली आणि अटारीचा एसटी हा संगणक अ‍ॅमिगाचा प्रतिस्पर्धी म्हणून १९८५ मध्येच बाजारात आला. एसटीमध्येही ६८००० हाच प्रक्रियक होता, परंतु त्याची प्रणाली एका वेळी एकच आज्ञावली चालवी. दोन्ही यंत्रांची तुलना केली असता बहुकार्य हे प्रक्रियकाच्या सामर्थ्यावर नव्हे, तर प्रणालीच्या रचनेवर अवलंबून असते हे स्पष्ट होते.

गाभ्याची रचना : एक्झेकमध्ये चालू आज्ञावलीला कार्य असे म्हणत. प्रत्येक कार्याला −१२८ ते १२७ यांमधील एक अग्रताक्रमांक असे. चालण्यास तयार असलेल्या कार्यांपैकी ज्याचा क्रमांक सर्वांत मोठा त्याला प्रक्रियक मिळे. समान क्रमांकाच्या कार्यांना पाळीपाळीने थोडा थोडा वेळ मिळे. उपयोजकाच्या आज्ञावली साधारणपणे शून्य क्रमांकावर चालत, तर कळफलक व माउस यांच्या हालचाली टिपणारे कार्य २० क्रमांकावर असे. त्यामुळे पाठीमागे कितीही जड गणित चालू असले, तरी माउसला प्रतिसाद ताबडतोब मिळे. अ‍ॅमिगा वापरणाऱ्यांना या यंत्राविषयी जी आपुलकी वाटे, तिचे एक कारण या साध्या तरतुदीत आहे. यंत्र कामात असले, तरी ते माणसाकडे पाठ फिरवीत नसे.

ज्या कार्याला काही करावयाचे नाही त्याने झोपावे, असा दुसरा नियम होता. कळ दाबली जाण्याची, तबकडी वाचून होण्याची किंवा दुसऱ्या कार्याकडून निरोप येण्याची वाट पाहणारे कार्य प्रतीक्षेत जाई, व त्याला जागे करणारा संकेत येईपर्यंत प्रक्रियकाचा एक क्षणही घेत नसे. प्रत्येक कार्याला असे ३२ संकेत उपलब्ध होते. त्यांतील १६ प्रणालीने राखून ठेवलेले व १६ आज्ञावलीसाठी मोकळे असत. तयार कार्ये, प्रतीक्षेतील कार्ये, मोकळी स्मृती, उघडलेल्या लायब्ररी, उपकरणे या सर्वांच्या नोंदी एकाच प्रकारच्या साखळीवजा याद्यांमध्ये ठेवलेल्या होत्या. एक यादी समजली की सर्व समजल्या. गाभा लहान व वेगवान राहिला तो या एकसारखेपणामुळे.

प्रणालीची बहुतेक अंगे लायब्ररींच्या स्वरूपात होती. लायब्ररी स्मृतीत कोठेही असू शके. आज्ञावली तिचा पत्ता गाभ्याकडून मागून घेई व त्या पत्त्याच्या मागील बाजूस असलेल्या उड्यांच्या कोष्टकातून हवे ते काम करवून घेई. संपूर्ण यंत्रात चार हा एकच पत्ता ठरलेला होता. त्या जागी गाभ्याचा पत्ता लिहिलेला असे आणि तेथून पुढे सर्व काही विचारून मिळे. एकच लायब्ररी अनेक कार्ये एकदम वापरीत, त्यामुळे तिची एकच प्रत स्मृतीत ठेवावी लागे. २५६ किलोबाइटांमध्ये संसार करावयाचा असताना ही काटकसर आवश्यकच होती.

कार्यांमधील निरोपांची देवाणघेवाण हा या रचनेचा खरा कणा होय. प्रत्येक कार्य स्वतःसाठी एक किंवा अधिक टपालपेट्या उघडी. निरोप पाठविणारे कार्य निरोपाचा मजकूर स्मृतीत मांडून ठेवी व त्याचा फक्त पत्ता दुसऱ्याच्या पेटीत टाकी. मजकुराची नक्कल केली जात नसे. एका कार्यालयाने दुसऱ्याला फाइलीची प्रत काढून पाठविण्याऐवजी ती कोणत्या कपाटात आहे एवढेच कळवावे, तसा हा प्रकार आहे. घेणाऱ्याने काम संपवून ‘पोचले’ असे उलट कळवीपर्यंत पाठविणाऱ्याने त्या फाइलीला हात लावू नये, एवढीच शिस्त पाळावयाची होती. चित्राचा मोठा तुकडा असो वा एका कळीची नोंद असो, निरोप पोचविण्यास सारखाच अत्यल्प वेळ लागे. तबकडी वाचणे, छापणे, ध्वनी वाजविणे ही सर्व कामे अशा निरोपांनीच होत.

हे शक्य होण्यासाठी सर्व कार्यांना सर्व स्मृती दिसत असली पाहिजे, हे उघड आहे. दुसऱ्याचे कपाट कुलूपबंद असेल, तर नुसता क्रमांक कळवून काही उपयोग नाही. मोठ्या संगणकांवर प्रत्येक आज्ञावलीला तिचा स्वतंत्र स्मृतिप्रदेश दिला जातो व परक्या प्रदेशात शिरण्याचा प्रयत्न यंत्रच रोखते. यासाठी पत्त्यांची पडताळणी करणारे स्वतंत्र मंडल लागते. ६८००० मध्ये ते नव्हते. बाहेरून जोडता आले असते, परंतु त्याची किंमत पडली असती. याच प्रक्रियकावर चालणाऱ्या अ‍ॅपल कंपनीच्या लिसा संगणकात असे संरक्षण होते. लिसाची १९८३ मधील किंमत ९,९९५ डॉलर होती, तर अ‍ॅमिगाची १,२९५ डॉलर. अ‍ॅमिगाच्या रचनाकारांना संरक्षणाचे महत्त्व माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही. त्यांनी संरक्षण सोडून देऊन वेग व स्वस्ताई विकत घेतली, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

भविष्याची थोडी तजवीजही त्यांनी केली होती. आज्ञावलीने स्मृती मागताना, ती इतर कार्यांनाही दिसावयास हवी असेल, तर ‘सार्वजनिक’ असा शेरा मागणीवर द्यावा असा नियम प्रथमपासून होता. पुढे कधी संरक्षण आणले, तर शेरा नसलेली स्मृती खासगी समजून तिला कुलूप घालता आले असते. परंतु तत्कालीन यंत्रात शेरा दिला काय आणि न दिला काय, फरक काहीच पडत नसे. चूक केली असता ती लक्षात येण्याचा मार्गच नव्हता. परिणामी असंख्य आज्ञावलींनी या नियमाकडे दुर्लक्ष केले आणि जेव्हा संरक्षण देऊ शकणारे प्रक्रियक आले, तेव्हा खासगी स्मृती कोणती व सामाईक कोणती हे ओळखणे अशक्य होऊन बसले होते. ज्या नियमाच्या भंगाला त्या क्षणी काहीच शिक्षा नाही तो नियम कागदावरच राहतो. संगणकशास्त्रात याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते.

तबकडी-प्रणाली : फाइली व तबकड्या यांचा व्यवहार पाहणारा भाग मूळ योजनेप्रमाणे वेगळाच होणार होता. त्याचे काम बाहेर सोपविले होते, परंतु ते वेळेत पुरे होईना. तेव्हा ब्रिटनमधील ब्रिस्टल येथील मेटाकॉम्को या संस्थेकडून ट्रायपॉस ही तयार प्रणाली घेऊन गाभ्यावर बसविण्यात आली. ट्रायपॉसचे काम केंब्रिज विद्यापीठात मार्टिन रिचर्ड्स यांच्या मार्गदर्शनाखाली १९७६ मध्ये सुरू झाले होते. तेथील पदवी-परीक्षेलाही हेच नाव आहे, तेव्हा नामकरणात थोडी थट्टा आहे. ६८००० वर ती आणण्याचे काम टिम किंग यांनी बाथ विद्यापीठात केले व तेच पुढे मेटाकॉम्कोमध्ये अ‍ॅमिगासाठी तिच्यावर काम करू लागले. ट्रायपॉसमध्येही सर्व कार्ये एकाच स्मृतीत राहून निरोपांनी बोलत, त्यामुळे ही सोयरीक मुळातच जुळणारी होती.

अडचण भाषेची होती. ट्रायपॉस ही रिचर्ड्स यांनीच निर्माण केलेल्या बीसीपीएल भाषेत लिहिलेली होती. सी या भाषेची ही आजी. पण नातीच्या व तिच्या चालीरीतीत पुष्कळ फरक. बीसीपीएलमध्ये पत्ते बाइटांनी न मोजता चार बाइटांच्या शब्दांनी मोजले जात आणि मजकुराच्या आरंभी त्याची लांबी लिहिली जाई. प्रणालीचा उरलेला भाग सी व यंत्रभाषा यांत असल्यामुळे आज्ञावलीकाराला तबकडी-प्रणालीशी बोलताना प्रत्येक पत्ता चाराने भागावा व परत येताना गुणावा लागे. या भागाकारात झालेल्या चुका शोधताना अनेकांनी रात्री जागविल्या. फ्लॉपी तबकडीवरील फाइलींची यादी काढण्यास लागणारा वेळही त्रासदायक होता. तथापि याच भागामुळे प्रणालीला लांब नावांच्या फाइली व पाहिजे तशी वाढणारी स्मृतीतील आभासी तबकडी लाभली.

आवृत्त्या : पहिल्या यंत्राबरोबर प्रणाली पूर्णपणे पक्की झालेली नव्हती. म्हणून गाभा कायमच्या स्मृतीत न कोरता किकस्टार्ट नावाच्या फ्लॉपीवर देण्यात आला; यंत्र सुरू करताना तो २५६ किलोबाइटांच्या एका राखीव स्मृतीत चढविला जाई व मग ती स्मृती कुलूपबंद होई. चित्ररूप टेबलाचा वर्कबेंच हा भाग दुसऱ्या फ्लॉपीवर असे. १९८६ मध्ये आलेली १.२ ही आवृत्ती बरीच स्थिर होती. १९८७ मधील अ‍ॅमिगा ५०० या स्वस्त व लोकप्रिय यंत्रात गाभा कायमच्या स्मृतीत कोरण्यात आला. १९८८ च्या १.३ आवृत्तीने हार्ड डिस्कवरून थेट सुरुवात करण्याची व फाइली जलद हाताळण्याची सोय दिली. १९९० मध्ये अ‍ॅमिगा ३००० बरोबर आलेली २.० ही आवृत्ती सर्वांत मोठी सुधारणा होय. तीत तबकडी-प्रणाली बीसीपीएलमधून काढून सी व यंत्रभाषेत नव्याने लिहिण्यात आली, पडद्याचे रूप पालटले आणि विल्यम हॉज यांनी १९८७ मध्ये तयार केलेली एरेक्स ही भाषा समाविष्ट झाली. या भाषेमुळे चित्रांची आज्ञावली, मजकुराची आज्ञावली व दूरध्वनीवरून माहिती आणणारी आज्ञावली यांना उपयोजक स्वतःच एका सूत्रात ओवू शके. टपालपेट्यांच्या मूळ कल्पनेचा सर्वसामान्य माणसापर्यंत पोचलेला हा सर्वांत सुंदर विस्तार म्हणावा लागेल. १९९२ मधील ३.० आवृत्तीने नव्या चिपांचे अधिक रंग व निरनिराळ्या प्रकारच्या फाइली आपोआप ओळखण्याची सोय आणली.

संरक्षणाचा अभाव : एखादे कार्य बिघडले की काय होई, हे पाहण्यासारखे आहे. चुकीच्या जागी लिहिलेला एक अंक दुसऱ्या कार्याची, लायब्ररीची किंवा गाभ्याची यादी तोडी, आणि बिघाड मूळ अपराध्यापासून दूर, बऱ्याच वेळाने दिसे. सौम्य प्रकरणी प्रणाली ते कार्य थांबवून तबकडीवरील चालू कामे आटोपून घ्या, अशी सूचना देई. इतर कार्ये शाबूत असू शकतात याची ती कबुलीच होती. गंभीर प्रकरणी काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या लाल चौकटीत ‘गुरू मेडिटेशन’ हे शब्द व दोन मोठे अंक येत : पहिला चुकीचा प्रकार सांगणारा, दुसरा सामान्यतः ज्या कार्यात ती घडली त्याचा पत्ता. अ‍ॅमिगा कंपनीने आरंभी पायाखाली ठेवून तोल सांभाळण्याचे एक खेळण्याचे साधन काढले होते, व त्यावर निश्चल बसून राहण्याची चढाओढ तेथील अभियंते करीत; तिच्यातून हा शब्दप्रयोग आला असे सांगतात. आपल्या भाषेतील शब्द संगणकाच्या मृत्युलेखात जाऊन बसावा, हा एक योगायोगच. आवृत्ती २.० मध्ये गंभीर व्यापारी ग्राहकांना रुचावे म्हणून त्याऐवजी साधी बिघाडाची सूचना घालण्यात आली.

याशिवाय दोन उणिवा होत्या. कार्य संपले किंवा मेले, तरी त्याने घेतलेली स्मृती व उघडलेल्या फाइली प्रणाली परत गोळा करीत नसे. प्रत्येकाने आपले सामान आपणच उचलून जावे अशी अपेक्षा होती. दुसरी उणीव म्हणजे लायब्ररीच्या कोष्टकातील कोणतीही उडी कोणालाही बदलता येई. उपयोजकांनी या मुभेतून प्रणालीत शेकडो उपयुक्त भर घातली, आणि त्याच दारातून उपद्रवही आत आला. १९८७ मध्ये पसरलेला एससीए हा विषाणू फ्लॉपीच्या आरंभीच्या खंडात लपून, यंत्र पुन्हा सुरू केले तरी स्मृतीत टिकून राही व पुढच्या फ्लॉपीवर उतरे. त्याला अडविणारे प्रणालीत काहीच नव्हते.

अ‍ॅमिगा ३००० मधील ६८०३० या प्रक्रियकात पत्त्यांची पडताळणी करणारे मंडल होते. त्याच यंत्रावर कमोडोरने युनिक्स प्रणाली चालवून दाखविली व तीत संपूर्ण संरक्षण होते. अ‍ॅमिगाच्या स्वतःच्या प्रणालीत मात्र ते मंडल एन्फोर्सर या तपासनीस आज्ञावलीपुरतेच उपयोगी पडले. एन्फोर्सर आज्ञावलीकाराला त्याच्या आज्ञावलीने परक्या जागी केव्हा हात घातला ते दाखवून देई. तिच्यामुळे १९९० नंतरच्या आज्ञावलींचा दर्जा लक्षणीय सुधारला. पण संरक्षण सक्तीचे केले असते, तर पूर्वीच्या बहुसंख्य आज्ञावली बंद पडल्या असत्या. खेळांच्या बाबतीत तर प्रश्नच वेगळा होता. बहुतेक खेळ प्रणालीला बाजूला सारून थेट चिपांवर चालत. या यंत्राच्या विक्रीचा मोठा भाग ज्या खेळांमुळे झाला, त्यांनी त्याच्या बहुकार्याचा उपयोग केलाच नाही.

इतर प्रणालींशी तुलना : नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेली मायक्रोसॉफ्टची विंडोज व १९८७ मधील मॅकिंटॉशची मल्टिफाइंडर या दोन्हींमध्ये सहकारी बहुकार्य होते. डिसेंबर १९८७ मध्ये आयबीएम व मायक्रोसॉफ्ट यांनी काढलेल्या ओएस/२ मध्ये सक्तीचे बहुकार्य व संरक्षण दोन्ही होते, परंतु आरंभी चित्रमय पडदा नव्हता. घरगुती उपयोजकापर्यंत सक्तीचे बहुकार्य मोठ्या प्रमाणात पोचले ते ऑगस्ट १९९५ मधील विंडोज ९५ बरोबर. तिला किमान चार मेगाबाइट स्मृती लागे. मॅकिंटॉशला २००१ सालापर्यंत थांबावे लागले. या प्रणालींना लागलेला विलंब पाहून अ‍ॅमिगाचे चाहते हळहळतात. तथापि विंडोज एनटी, लिनक्स वा मॅक ओएस एक्स यांनी उशिरा येऊन जे दिले ते केवळ बहुकार्य नव्हते, तर संरक्षित बहुकार्य होते. महाजालावरून आलेली अनोळखी आज्ञावली यंत्रावर चालविण्याच्या काळात ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोलाची ठरली.

उत्तरकाल : दूरचित्रवाणीच्या निर्मितीत अ‍ॅमिगाला विशेष स्थान मिळाले. न्यूटेक कंपनीचे १९९० मधील व्हिडिओ टोस्टर हे साधन अ‍ॅमिगातच बसविले जाई व स्टुडिओतील महागड्या उपकरणांची कामे थोड्या खर्चात करी. कमोडोरचा कारभार मात्र ढासळत गेला आणि एप्रिल १९९४ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. प्रणालीचे हक्क १९९५ मध्ये जर्मनीतील एस्कॉमकडे व तीही बुडाल्यावर १९९७ मध्ये अमेरिकेतील गेटवे २००० कडे गेले. १९९९ मध्ये ३.५ व २००० मध्ये ३.९ या आवृत्त्या निघाल्या. बेल्जियममधील हायपेरियन एंटरटेनमेंट कंपनीने पॉवरपीसी प्रक्रियकासाठी ४.० ही आवृत्ती २००६ च्या अखेरीस, आणि जुन्या ६८००० मालिकेतील यंत्रांसाठी ३.१.४ ही आवृत्ती २०१८ मध्ये व ३.२ ही २०२१ मध्ये प्रसिद्ध केली.

यांखेरीज एआरओएस ही मुक्त प्रणाली १९९५ पासून स्वयंसेवकांनी मूळ प्रणालीचे अनुकरण करून लिहिली. मॉर्फओएस या दुसऱ्या अनुकरणाची रचना दोन कप्प्यांची योजलेली होती : एका कप्प्यात जुन्या आज्ञावली पूर्वीसारख्याच सामाईक स्मृतीत चालाव्यात आणि दुसऱ्यात संरक्षणासह नव्याने लिहिलेल्या आज्ञावली राहाव्यात. त्यांतील पहिला कप्पा तयार होऊन वापरात आला. दुसरा आलाच नाही.